१९२० चं क्रीडावर्ष खोदून काढायचंय? मग पदकतक्ता बंद करा आणि एकोणिसाव्या नंबरावर या

दर ऑलिंपिकच्या तोंडावर आमच्या ग्रुपवर एकच भांडण होतं. भारत ऑलिंपिकला पहिल्यांदा कधी गेला? कोणी म्हणतं १९००, कोणी १९२०, कोणी १९२८, आणि गंमत म्हणजे तिघांकडेही काही ना काही मुद्दा असतो. १९०० ला पॅरिसमधे कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्डनी दोन रौप्य मिळवली, तो एकटा होता. १९२८ ला ॲमस्टरडॅमला हॉकीचं सोनं आलं म्हणून ते सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. आणि मधलं १९२०, बेल्जियममधलं अँटवर्प, जिथे पहिल्यांदा "टीम" म्हणावी अशी टीम गेली, ते मात्र कोणालाच धड सांगता येत नाही, सगळे एक ओळ टाकून पुढे जातात.

तर शाळेचा प्रोजेक्ट असेल, स्मरणिकेत लेख द्यायचा असेल, क्विझ घ्यायची असेल किंवा नुसतीच खाज असेल, तर एखादं जुनं क्रीडावर्ष घरबसल्या कसं खोदायचं ते सांगतो. पद्धत कुठल्याही वर्षाला चालेल, पण उदाहरण १९२० चं घेतो कारण त्यात आपली माणसं आहेत आणि कागदपत्रांचा म्हणाल तर आनंदीआनंद आहे, म्हणजे शिकायला उत्तम.

पहिली गोष्ट, पदकतक्ता उघडू नका. खरंच सांगतो, उघडलात की संपलं. अमेरिका वर, ४१ सुवर्ण, खाली बाकीचे, आणि भारताची ओळच नाही. तुम्ही म्हणणार "बरं, काही मिळालं नाही वाटतं" आणि टॅब बंद. त्याऐवजी २२ ऑगस्ट १९२० च्या मॅरेथॉनचा निकाल उघडा (ऑलिंपिडिया नावाची साइट आहे, फुकट आहे, सुरुवात तिथून करा) आणि खाली स्क्रोल करत १९ व्या नंबरावर थांबा. फडेप्पा दरेप्पा चौगुले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. बेळगावकडचा माणूस. आता ही एक ओळ वहीत लिहा आणि तिला प्रश्न विचारायला लागा. किती पळाला? कोणाच्या मागे? तिथे पोचला कसा? पाठवलं कोणी? एका ओळीतून अख्खं वर्ष बाहेर येतं, वरून खाली वाचत गेलात तर नाही येत.

"किती पळाला" इथेच माझी फजिती झाली होती म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. मी सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत चौगुलेंवर अर्धं पान लिहिलं आणि हुशारी करून त्यांचा वेग काढून टाकला, मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर हे काय विचारायचं, भागाकार केला, किलोमीटरला ४ मिनिटं ३ सेकंद आलं, छापून मोकळा. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडचे एक काका, रोज पहाटे पळणारे, खालीच भेटले. म्हणाले, अरे त्या वर्षी अंतर किती होतं ते बघितलंस का? मी बघितलं नव्हतं. ४२.७५ किलोमीटर होतं! ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅरेथॉन. ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडनचा, पण तो नियम म्हणून पक्का व्हायला १९२१ उजाडलं, १९१२ ला स्टॉकहोमला तर ४०.२ च होतं. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे मॅरेथॉनचे टाइम एकमेकांशेजारी ठेवून "याच्यापेक्षा तो फास्ट" म्हणणं म्हणजे शेराच्या मापाला किलोचं माप लावण्यासारखं आहे.

आता तोच भागाकार नीट करा. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद म्हणजे १०,२४५ सेकंद, भागिले ४२.७५, आले साधारण २३९.६ सेकंद. म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं ५९ सेकंद आणि थोडं. चारच्या आत! पळणाऱ्या कोणालाही विचारा, चारच्या आत आणि चारच्या बाहेर यात काय फरक असतो ते. पाऊण तास सुद्धा तो वेग धरता येत नाही भल्याभल्यांना, आणि हा माणूस पावणेतीन तासांच्या वर थंड, पावसाळी हवेत परक्या रस्त्यावर धरून होता. माझ्या आळशीपणामुळे मी त्याचे किलोमीटरमागे तीन सेकंद खाल्ले होते.

तिथेच अजून एक भागाकार करा, याला मजा येते. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २:३२:३५, म्हणजे चौगुलेंच्या १८ मिनिटं १० सेकंद आधी. चौगुलेंच्या सरासरी वेगानं १८ मिनिटांत साडेचार किलोमीटर होतात. म्हणजे कोलेहमाइनेन स्टेडियममधे दोरी तोडत होता तेव्हा आपला गडी अजून साधारण साडेचार किलोमीटर लांब रस्त्यावर होता. (सरासरीचा हिशोब आहे, शेवटी माणूस हळू होतो, तेव्हा थोडं इकडेतिकडे.) "१९ वा आला" यापेक्षा हे चित्र डोळ्यासमोर येतं की नाही? आकडा मिळाला की त्याचं अंतरात किंवा वेळेत रूपांतर करून बघायचं, ही सवय लावून घ्या.

आता नावं. जुन्या निकालांत आपली नावं शोधणं म्हणजे मोठी डोकेदुखी आहे. चौगुलेंचं इंग्रजी स्पेलिंग तीनचार तऱ्हांनी होऊ शकतं, ओ-यू, ए-यू, ओ-डब्ल्यू, सगळी टाकून बघा. सदाशिव दातार मॅरेथॉनला दुसरे होते, त्यांचं नाव निकालांच्या याद्यांत "सदाशिर" असं सापडतं, शेवटचा व्ही जाऊन आर आलाय. पैलवान रणधीर शिंदे तर "शिंदेस" झालेत, शेवटी एक एस चिकटलाय आणि तो शंभर वर्षं सुटलेला नाही, इंग्रजीवरून मराठीत लिहिणारे लोकसुद्धा सरळ "शिंदेस" लिहितात. कोणी थांबून विचारत नाही की बाबा शिंदेस हे आडनाव कुठल्या गावात असतं? म्हणून नाव आधी तोंडानं मोठ्यांदा म्हणा, मराठी कानाला खटकलं की समजा वाटेत कोणीतरी घोळ केलाय, मग उलट जाऊन चारपाच स्पेलिंगं करून सर्च मारा. आणि लेखात लिहिताना यादीतलं स्पेलिंगही एकदा द्या, नाहीतर वाचणाऱ्याला पुढे शोधता येणार नाही.

नावावरून आठवलं. या टीमच्या गोष्टीत मुंबईचे गव्हर्नर येतात, त्यांचं नाव जॉर्ज लॉइड. आणि त्याच काळात इंग्लंडचे पंतप्रधान कोण, तर लॉइड जॉर्ज! दोन वेगळी माणसं. पण बऱ्याच ठिकाणी गव्हर्नरसाहेबांचं नाव उलटं पडलंय आणि वाचणाऱ्याला वाटतं की पुण्याच्या मैदानावर थेट ब्रिटनचे पंतप्रधान येऊन बसले होते. तुमच्या लेखात हे होऊ देऊ नका.

पाच की सहा?

हा प्रश्न हमखास येणार. टीम निवडली ती सहा जणांची. धावायला चौगुले, दातार, बंगालचे पूर्मा बॅनर्जी आणि कैकाडी, कुस्तीला शिंदे आणि कुमार नवले. पण निकालांच्या यादीत बघाल तर पाचच जण खेळलेले दिसतात, कैकाडींच्या नावापुढे निकाल नाही. यात कोणी खोटं बोलत नाहीये. "निवडले गेले", "बोटीत बसले" आणि "मैदानात उतरले" हे तीन वेगळे आकडे असतात, त्या काळात तर असतातच, नाव नोंदवून न उतरणारे ढिगानं. म्हणून कुठलाही आकडा लिहिताना तो कशाचा आहे ते शेजारी लिहायचं. तसंच दातारांचं. ते उतरले, पळाले, पण शर्यत पुरी करू शकले नाहीत, तेव्हा त्यांच्या नावापुढे वेळ नाही आणि नंबरही नाही. यादीत नंबर नाही म्हणून माणूस लेखातून काढून टाकू नका राव.

शिंदे फेदरवेट फ्रीस्टाइलमधे चौथे. चौथे! पदकाच्या उंबऱ्यावरून परत. भारताला कुस्तीचं पहिलं पदक मिळायला मग १९५२ उजाडलं, हेलसिंकीला आपले खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. मधे ३२ वर्षं गेली. खाशाबांचं नाव निदान माहीत तरी आहे, शिंदेंचं कुस्ती बघणाऱ्यांनाही नसतं. लाल मातीत वाढलेले पैलवान, तिथे गादी, नियम वेगळे, पकडी वेगळ्या. बॅनर्जी १०० आणि ४०० मीटर पळाले, पुढच्या फेरीत गेले नाहीत, पण उद्घाटनाला झेंडा त्यांच्या हातात होता.

मग पुण्याला या

तिथे पोचले कसे, या प्रश्नाचा धागा ओढलात की तो डेक्कन जिमखान्यावर येऊन थांबतो. दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष. तिथल्या खेळांच्या स्पर्धेत त्यांनी काय बघितलं ते त्यांनी पुढे १९२९ च्या एका पत्रात स्वतःच लिहून ठेवलंय, हे पत्र म्हणजे या सगळ्या गोष्टीचा मुख्य साक्षीदार. शेतकऱ्यांची पोरं, खडबडीत रस्त्यांवर अनवाणी पळायची सवय असलेली, आणि साधारण २५ मैलांची लांब शर्यत जी पुण्याच्या मुख्य रस्त्यात येऊन संपत होती. टायमिंग बघून दोराबजींना वाटलं की हे युरोपातल्या लोकांच्या फार मागे नाहीत, यांना पाठवलं पाहिजे. गव्हर्नर लॉइड तिथे होतेच, त्यांच्याकडे शब्द टाकला, मग ब्रिटिश ऑलिंपिकवाल्यांमार्फत परवानगी, मग पैशांची जमवाजमव (त्यात दोराबजींच्या स्वतःच्या खिशातले धरून), १९२० मधे पुण्यात निवड चाचणी, बोट, लंडनला थोडे दिवस सराव, मग बेल्जियम. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले.

पण सावधान. हे पत्र नऊ वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे. आठवून लिहिणारा माणूस तारखा चुकतो, क्रम चुकतो, प्रसंग मात्र सहसा बरोबर सांगतो. म्हणून पत्रातून प्रसंग घ्या, तारखा दुसरीकडून घ्या.

तारखांचा अजून एक घोळ म्हणजे स्पर्धा "कधी" झाली. उद्घाटन १४ ऑगस्टला, राजा आल्बर्टच्या हस्ते, पाच वलयांचा झेंडा ऑलिंपिकमधे पहिल्यांदा वर चढला, व्हिक्टर ब्वाँ नावाच्या बेल्जियन खेळाडूनं पहिली शपथ घेतली. पण बर्फावरचे खेळ एप्रिलमधेच उरकले होते, हिवाळी ऑलिंपिक तेव्हा वेगळं नव्हतंच, ते १९२४ पासून. त्यामुळे आइस हॉकीत कॅनडानं स्वीडनला १२-१ धुतलं तेव्हा आपल्या लोकांची बोटही सुटली नव्हती. आणि "कुठे" याचाही भरवसा नाही. छोट्या होड्यांची एक शर्यत बेल्जियमला सुरू झाली, वादात अडकली, उरलेल्या दोन्ही होड्या डच निघाल्या म्हणून शेवटी हॉलंडात नेऊन संपवली. तेव्हा वहीत प्रत्येक स्पर्धेपुढे तिची तारीख आणि जागा स्वतंत्र लिहायची, "अँटवर्प, ऑगस्ट" असा एकच शिक्का सगळ्यांवर मारायचा नाही.

हा घोळ का, तर युद्ध संपलं ११ नोव्हेंबर १९१८ ला आणि अँटवर्पला यजमानपद मिळालं एप्रिल १९१९ मधे. सव्वा वर्ष हातात, तेही जर्मनांच्या ताब्यात चार वर्षं काढलेल्या शहराला. पैसे नाहीत, ट्रॅक पावसानं भिजलेला, पोहायचं पाणी गारठलेलं. आयोजकांनी त्या वेळी धड अधिकृत अहवालसुद्धा छापला नाही, तो बऱ्याच वर्षांनी जमेल तसा जुळवलेला आहे. म्हणून १९१२ ला जसा जाडजूड ग्रंथ उघडून बसता येतं तसं इथे होत नाही, वर्तमानपत्रांत शिरावंच लागतं.

वर्तमानपत्रांसाठी दोनचार युक्त्या. डच पेपर डेल्फर नावाच्या साइटवर फुकट आहेत, न्यूझीलंडचे पेपर्स पास्ट वर, ऑस्ट्रेलियाचे ट्रोव्ह वर, तिकडे तारेनं आलेल्या दोन ओळींच्या बातम्या खूप छापायचे. सर्चमधे नुसतं अँटवर्प टाकू नका, डचमधे ते अँटवर्पन होतं आणि फ्रेंचमधे स्पेलिंगच वेगळं, ए-एन-व्ही-ई-आर-एस. भारतालाही तिकडे "ब्रिटिश इंडिया" या अर्थाचे त्यांचे शब्द आहेत, ते टाका. भाषा येत नसली तरी बिघडत नाही, नाव आणि आकडा दिसला की कापून ट्रान्सलेटरमधे टाका.

आणि आपल्याकडचे पेपर? इथे एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवून बसा. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले. त्याच दिवशी असहकाराची सुरुवात. म्हणजे अँटवर्पला संचलन झालं ते टिळकांना जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले असताना. त्या महिन्याच्या मराठी पेपरात सहा खेळाडूंची बातमी पहिल्या पानावर शोधायला गेलात तर निराश व्हाल, आतल्या पानांवर, तारांच्या रकान्यात, अगदी बारीक टायपात बघा. आणि ऑगस्टचेच अंक बघू नका, बातमी बोटीनं आणि डाकेनं यायची, सप्टेंबर, ऑक्टोबर पण चाळा.

नकाशाही त्याच सालचा हवा. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, तुर्कस्तान, बल्गेरिया यांना बोलावलंच नव्हतं, युद्धात हरलेल्या बाजूचे म्हणून. उलट फिनलंड आता स्वतंत्र, कोलेहमाइनेननं १९१२ ला तीन सुवर्ण मिळवली तेव्हा त्याच्यासाठी रशियाचा झेंडा चढला होता आणि ते त्याला बोचलं होतं. मॅरेथॉनमधे १३ सेकंदांनी दुसरा आलेला युरी लॉसमन एस्टोनियाचा, हा देश जेमतेम दोन वर्षांचा. चेकोस्लोव्हाकिया पण नवाकोरा, आणि फुटबॉल फायनलला बेल्जियमविरुद्ध ०-२ असताना इंग्लिश रेफरीवर चिडून चेक टीम हाफटाइमच्या आधीच मैदान सोडून गेली, मग बाद. नव्या देशाचा मान वगैरे म्हणतात तो असा रेफरीवर निघतो कधीकधी.

शेवटी चविष्ट किस्से. १९२० मधे ते पोत्यानं आहेत आणि तिथेच लोक घसरतात. फ्रान्सचा जोसेफ गिलमो, युद्धात विषारी वायू खाल्लेला, त्यानं १७ ऑगस्टला ५००० मीटरमधे फिनलंडच्या पावो नुर्मीला हरवलं. तीन दिवसांनी १०,००० मीटर. राजाच्या सोयीसाठी शर्यत संध्याकाळची दुपारी ओढली, गिलमो नुकताच जेवलेला, नुर्मी जिंकला आणि गिलमोला ओकारी झाली ती म्हणे नुर्मीच्याच अंगावर. अशा किश्श्याचे दोन भाग करायचे. निकाल, तारीख, वेळेतला बदल, हे तपासता येतं, ते ठामपणे लिहा. ओकारी कुठे पडली हे "म्हणे" घालून लिहा, पण लिहा, एवढा चांगला किस्सा सोडू नये. अमेरिकेचा डायव्हर हॅल प्रीस्ट म्हणाला की तो ऑलिंपिकचा झेंडा खांबावर चढून मीच ढापला होता, आणि २००० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, सिडनीला जाऊन परत केला. परत केला हे नक्की. खांबावर चढल्याचं सांगणारा तो एकटाच.

आणि एकाच शर्यतीचे दोन टाइम सापडले तर लगेच एकाला चूक ठरवू नका. अमेरिकेचा पोहणारा ड्यूक काहानामोकू, त्याची १०० मीटर पोहण्याची फायनल दोनदा झाली, पहिल्यांदा १ मिनिट ०.४ सेकंद, त्यावर ऑस्ट्रेलियाच्या पोहणाऱ्याला अडथळा झाल्याची तक्रार, मग परत पोहायला लावलं, १ मिनिट १.४. दोन्ही आकडे खरे, दोन्ही वेळा जिंकला तोच.

वहीची पद्धत साधी ठेवा. एक्सेलमधे करा नाहीतर शंभर पानी वहीत, तीन रकाने: काय सापडलं, कुठे सापडलं, दुसरीकडे जुळलं का. तिसरा रकाना रिकामा असलेली ओळ लेखात घ्यायची नाही, कितीही गोड असली तरी. दोन साइटवर तेच वाक्य शब्दशः सापडलं तर ते जुळलं असं धरू नका, एकानं दुसऱ्याचं उचललंय.

आणि हो, क्विझ घेणार असाल तर "१९२० ला भारताचे किती खेळाडू होते" असा प्रश्न चुकूनही टाकू नका. "किती जणांची निवड झाली" असं विचारा. नाहीतर एक टीम सहा म्हणणार, दुसरी फोन काढून पाच दाखवणार, आणि चहा येईपर्यंत माइक तुमच्या हातात राहणार नाही.